संशोधन आणि प्रकाशनातली सचोटी: बडोद्याचे पीएचडी विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पीएचडी करणारी मुलं-मुली येतात. कुणी महाराजा सयाजीराव विद्यापीठातली, कुणी शहराबाहेरच्या खासगी विद्यापीठांतली. घरी मराठी बोलतात, मित्रांशी गुजराती, प्रबंध बहुतेक इंग्रजीत. काही प्रश्न विचारताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. लाज वाटावी असं त्यात काही नसतं, पण डिपार्टमेंटमध्ये हे उघडपणे कुणी बोलत नाही आणि मुलं अडकतात ती तिथेच. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

संशोधनातला गैरप्रकार म्हणजे वाङ्मयचौर्यच ना?

ते एक झालं. आणखी दोन आहेत. न केलेल्या प्रयोगाचे आकडे लिहिणं हा एक, आणि केलेल्या प्रयोगाचे आकडे, आलेख किंवा फोटो हवे तसे वळवून घेणं हा दुसरा. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे वाङ्मयचौर्याबद्दलच विचारतात, कारण ते मोजणारं सॉफ्टवेअर आहे आणि टक्केवारीचा नियम आहे. पण माझ्या मते खोटा आकडा उसन्या वाक्यापेक्षा जास्त घातक. उसन्या वाक्यानं मूळ लेखकावर अन्याय होतो. खोट्या आकड्यावर मात्र पुढे कोण कोण विसंबेल याचा पत्ताच नसतो. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवर बेतलेला पेपर आला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. जर्नलनं तो मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं आणि गोवर परत आला.

सिमिलॅरिटी (इतरांच्या मजकुराशी साम्य) १० टक्क्यांच्या आत आली. आता काळजी नाही ना?

आधी नियम सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. अवतरणचिन्हात संदर्भासह घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, कायद्यांचा मजकूर, ठरलेली समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य माहितीतलं किंवा योगायोगाचं साम्यही वगळतात.

त्याच नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांनी वाचलेली असते. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी हा प्रबंधाचा गाभा तुमच्या स्वतःच्या कल्पनांवर उभा हवा आणि त्यात साम्य असता कामा नये. म्हणजे एकूण ८ टक्के आले आणि ते सगळे निष्कर्षाच्या प्रकरणात असले, तर तुम्ही सुटलेले नाही.

सॉफ्टवेअरला फक्त शब्द जुळलेले कळतात. प्रयोगाच्या पद्धतीचं वर्णन करताना सगळ्या जगाची वाक्यं एकसारखीच होतात, तिथे टक्के वाढले म्हणून घाबरू नका. उलट दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत लिहिली की टक्केवारी शून्य येते, आणि तरी ती चोरीच. म्हणून रिपोर्टचं पहिलं पान बघून थांबू नका. गाईडला घेऊन बसा आणि रंगवलेली एकेक ओळ वाचा.

बाइंडिंगवाला म्हणतो, ३० टक्के ८ वर आणून देतो. प्रबंध त्याच्याकडे द्यावा का?

देऊ नका. एका मुलानं दिला होता. दोन दिवसांत परत आला, टक्के उतरले होते. त्यातलं एक पान मी मोठ्यानं वाचायला लावलं. जिथे 'ग्राउंडवॉटर' होतं तिथे 'सॉइल लिक्विड' झालं होतं आणि 'हार्ड वॉटर'चं झालं होतं 'डिफिकल्ट वॉटर'. दुसऱ्या ओळीला तो वाचायचा थांबला.

मशीनला प्रत्येक शब्दाचा पर्याय घालायला लावला की असंच होतं. गिओम काबानाक नावाचे फ्रेंच संशोधक आणि त्यांचे सहकारी अशी मोडतोड झालेली शब्दरूपं शोधून काढतात. 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल', 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असे शब्द छापून आलेल्या पेपरांत सापडले आहेत. असं एक रूप सापडलं की अख्ख्या पेपरावर संशय येतो. शिवाय पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर जातात, ती आपल्या गांधीनगरचीच इन्फ्लिबनेट संस्था चालवते. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षकांच्या लक्षात आलं नाही तरी तो मजकूर तुमच्या नावानं तिथे कुणालाही वाचता येतो.

माझा प्रबंध मराठीत आहे. अनुवाद केलेला मजकूर कुठे पकडला जातो?

मशीनला सहसा पकडता येत नाही. जाणकार माणसाला येतो.

इतिहासाचा एक विद्यार्थी बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर लिहीत होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात ते सुरू केलं आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू केलं. या मुलाच्या प्रकरणात अमरेलीचं साल १८९८ होतं आणि खाली तळटीप थेट संस्थानच्या अहवालाची. मी म्हटलं, "अहवाल बघितलास का रे?" म्हणाला, "हो मॅडम." मग माझ्याकडचं एक जुनं गुजराती पुस्तक काढलं. त्यात छपाईची चूक होऊन तेच १८९८ पडलेलं, आणि खाली तीच तळटीप. त्यानं परिच्छेद गुजरातीतून मराठीत आणला, तळटीप उचलली आणि चूकही बरोबर आली. अहवाल त्यानं डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

ज्या पुस्तकात वाचलंत, त्याच पुस्तकाचं नाव द्या. 'अमुक पुस्तकात उद्धृत' असं लिहिण्यात कमीपणा नाही. इंग्रजी किंवा गुजराती उताऱ्याचा अनुवाद तुम्ही केला असेल तर 'अनुवाद माझा' हे दोन शब्द घाला. तो मुलगा पुढे आठवडाभर जुने अहवाल चाळत होता आणि त्याला त्यात शाळांच्या हजेरीचे असे तक्ते मिळाले, जे त्या पुस्तकात नव्हतेच.

माझंच जुनं लिखाण पुन्हा वापरलं तर?

आधी कुठे छापलंय ते सांगून वापरा. न सांगता वापरलेलं चालत नाही, असं यूजीसीनं एप्रिल २०२० च्या सूचनेत स्पष्ट केलं आहे. एकाच कामाचे तुकडे करून चार पेपर केले, तर पदोन्नतीच्या वेळी तेही तपासलं जाऊ शकतं.

दोन-चार वाचनं थोडी 'सरळ' केली तर काय बिघडतं?

सगळ्यांत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबते.

एक मुलगी बोअरवेलच्या पाण्यातलं क्लोराइड मोजत होती. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या रेघांच्या नळीतून ते थेंबाथेंबानं घालायचं आणि रंग बदलला (एंड पॉइंट) की किती लागलं ते वाचायचं. ४० बोअरवेलचे आकडे असलेली वही तिनं माझ्यापुढे ठेवली. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. डोळा रेघेच्या पातळीला आणून, मागे पांढरा कागद धरून कितीही जपून वाचलं, तरी एकाच नमुन्याच्या तीन वाचनांत एखादी रेघ इकडची तिकडे होतेच. पहिल्या दोन पानांवर तसं झालेलं होतं. एक आकडा खोडलेला, शेजारी 'एंड पॉइंट चुकला' असं बारीक अक्षरात. पुढच्या पानांवर तिन्ही वाचनं सगळीकडे तंतोतंत सारखी, एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिल्यासारखी. आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कागदावर पडला की उजेडानं काळपट होतो. ज्यानं खरोखर ही टायट्रेशनं केली त्याच्या बोटांवर आणि वहीवर ते डाग असतातच. पहिल्या दोन पानांवर होते. पुढे एकही नव्हता.

मी विचारलं, "यातली किती केलीस?" ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आठ, मॅडम. मग सिल्व्हर नायट्रेट संपलं, नवीन मागवायला बजेट नव्हतं आणि सबमिशन तोंडावर आलं."

त्या मुलीवर मी रागावले नाही. रागावले ते ४० नमुने मागणाऱ्या आणि बाटली संपल्यावर चौकशीही न करणाऱ्या व्यवस्थेवर. पण ३२ बोअरवेलचं पाणी लोक पितात, आणि त्यात किती क्लोराइड आहे हे आपण मनानं लिहिणं मला सहन झालं नाही. तिनं प्रकरण आठ नमुन्यांवर आणलं, शीर्षक बदललं, नमुने कमी का याचं कारण खरंखरं लिहिलं. परीक्षकांनी व्हायवात विचारलं, तिनं सांगितलं, डिग्री मिळाली.

मोठ्या प्रयोगशाळांतही लबाडी अशीच बाहेर आली आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला यान हेंड्रिक शोन २००२ मध्ये पकडला गेला, कारण वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत बारीक थरथर हुबेहूब एकच होती. ती थरथर दर वेळी वेगळीच यायला हवी. चौकशी समितीनं मूळ नोंदी मागितल्या तेव्हा त्याच्याकडे नीट वह्याही नव्हत्या. फोटोंचंही तेच. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ जीववैद्यकीय पेपर नजरेखालून घातले. सुमारे ३.८ टक्क्यांत तोच फोटो पुन्हा किंवा फिरवून वापरल्याची संशयास्पद चित्रं निघाली.

तेव्हा वहीचं एवढं पाळा. पानांना आधीच क्रमांक घाला. आकडा ब्युरेटजवळ उभ्यानं लिहा, घरी जाऊन नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे. तारीख रोज. एखादं वाचन भलतंच आलं तर ते ठेवा, आणि वगळायचं असेल तर का वगळलं हे पेपरातही लिहा.

गाईडचं नाव पेपरवर घालावंच लागतं का? आणि एचओडींचं (विभागप्रमुखांचं)?

गाईडनं काम केलं असेल तर नक्की. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी सांगते आणि त्या इतर विषयांतही उपयोगी पडतात: कामाच्या आखणीत, आकडे मिळवण्यात किंवा त्यांचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करणं, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. खोली दिली, सही केली, एवढ्यानं कुणी लेखक होत नाही. त्यांचे आभार माना.

माझ्या पहिल्या पेपरवर तीन नावं होती आणि माझं तिसरं. पहिलं ज्यांचं होतं ते त्या वर्षभरात प्रयोगशाळेत आलेच नव्हते. मी बोलले नाही. तेव्हा २४ वर्षांची होते आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मवर त्यांचीच सही लागायची. आज कुणी मला विचारतं, "मॅडम, गप्प बसू का?" तेव्हा धीट उत्तर देणं मला सोपं जात नाही, कारण सहीची ती भीती मला ठाऊक आहे. एक उपाय मात्र जमण्यासारखा आहे. काम सुरू होतानाच, वाद नसताना, गाईडना साधा ईमेल करा: 'सर, या कामाचा मसुदा मी लिहिणार आहे. नावांचा क्रम कसा ठेवायचा?' लेखी उत्तर आलं की पुढे बरंच टळतं.

जर्नल खरं की पैसे उकळणारं, हे ओळखायचं कसं?

यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या 'यूजीसी केअर' यादीत आहे का बघायचं, हे जुनं उत्तर आता पुरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादी बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर टाकली.

मी आधी ईमेल बघते. 'आदरणीय महोदय, आपला अमूल्य लेख पाठवा, ४८ तासांत स्वीकृती' असं पत्र आलं की तिथेच थांबावं. दोन जाणकारांनी पेपर नीट वाचायचा म्हटला तर आठवडे लागतात, महिनेही लागतात. मग संपादक मंडळातल्या एकाचं नाव त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर शोधा आणि थेट विचारा. आपलं नाव तिथे आहे हे त्यांनाच माहीत नसतं, असं मी दोनदा अनुभवलंय. आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती संदर्भ दिला याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असं काही पुढे जोडलेला दिसला तर तो खरा इम्पॅक्ट फॅक्टर नव्हे. चांगल्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली साइटही असते, म्हणून पत्ता गुगलवरून न घेता स्कोपस या जर्नलांच्या सूचीतल्या नोंदीवरून घ्या. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीतल्या ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नका.

आपल्यालाच कसं फसवलं, असं वाटून घेऊ नका. २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, तो १५७ जणांनी स्वीकारला. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलं काढणाऱ्या समूहाला २०१९ मध्ये अमेरिकन न्यायालयानं फसवणुकीबद्दल ५ कोटी डॉलरहून जास्त भरायचा आदेश दिला.

पण पेपर नसला तर पीएचडी मिळेल का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो. तो ऑफिसमधून लेखी घ्या, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. कित्येक मुलं गरज नसताना वाईट जर्नलला पैसे भरून बसतात.

तयार पेपरमध्ये लेखकाची जागा विकत मिळते म्हणे?

मिळते. व्हॉट्सॲपवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या नावाचे वेगवेगळे दर फिरतात. असे पेपर घाऊक बनतात आणि घाऊक मागे घेतले जातात. २०२३ मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशनानं ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले. 'रिट्रॅक्टेड' हा शब्द त्या पेपरावर कायमचा राहतो.

चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का?

लेखक म्हणून त्याचं नाव घालता येत नाही. मोठ्या जर्नलांनी २०२३ मध्येच ते ठरवलं, कारण चुकीबद्दल उत्तर द्यायला ते येऊ शकत नाही. इंग्रजी सुधारून घेतलंत तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. एकीच्या यादीत लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर अस्तित्वातच नव्हता. यादीतला प्रत्येक पेपर उघडून बघितल्याशिवाय यादीत ठेवू नका.

नुसती प्रश्नावली भरून घ्यायची असली तरी एथिक्स कमिटी लागते?

माणसांकडून माहिती घेताय ना, मग आधी कमिटीला विचारा. आरोग्याशी संबंधित कामाला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. संमती नंतर घेऊन मागची तारीख घालू नका. रावपुऱ्यातल्या एका आजींकडून एकीनं इंग्रजी संमतीपत्रावर सही घेतली होती. आजींना वाटलं, पेन्शनचा कागद आहे. संमतीपत्र त्या व्यक्तीला वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि मधेच नाही म्हणायची मुभा त्यात लिहिलेली हवी.

लॅबमध्ये कुणी आकडे बनवतंय हे दिसलं. कोणाला सांगू?

वाङ्मयचौर्यासाठी रस्ता ठरलेला आहे. डिपार्टमेंटचं पॅनल पुराव्यासह आलेली तक्रार बघून ४५ दिवसांत अहवाल देतं, वर संस्थेचं पॅनल असतं आणि त्यात एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार एचओडींविरुद्धच असेल तर ती संस्थेच्या पॅनलकडे जाते. बनवलेल्या आकड्यांसाठी मात्र २०१८ च्या त्या नियमावलीत जागाच नाही, ती फक्त वाङ्मयचौर्याची आहे. ही उणीव मला फार खटकते.

पेपर छापला गेला असेल तर जर्नलच्या संपादकांना लिहा. 'चोर', 'लबाड' असे शब्द नकोत. 'आकृती २ आणि आकृती ५ मधला हा भाग सारखा दिसतो, मूळ फोटो मिळतील का?' एवढंच. पंजाब विद्यापीठातल्या व्ही. जे. गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून दाखवलेले जीवाश्म भलतीकडचे आहेत, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, तेही एकेका नमुन्याचा हिशेब देऊन. तारखा आणि प्रती आधी जपून ठेवा. एकट्यानं जाऊ नका. दोघं मिळून गेलात की दबाव वाटला जातो. आणि तुमची फेलोशिप त्याच माणसाच्या सहीवर अडली असेल, तर डिग्री हातात आल्यावर तक्रार केलीत म्हणून मी तुम्हाला भित्रं म्हणणार नाही.

छापून आलेल्या माझ्याच पेपरात चूक सापडली. आता?

संपादकांना लगेच कळवा. चूक लहान असेल तर शुद्धिपत्र निघतं, निष्कर्षच डळमळत असेल तर पेपर मागे घेतात. प्रामाणिक चुकीसाठी मागे घेतलेला पेपर आणि लबाडीसाठी काढलेला पेपर यांत फरक असतो, आणि तो नोटिशीत लिहिलेला असतो. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी 'सायन्स'मधला स्वतःचा पेपर मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून तेच निकाल येईनात, आणि पहिल्या लेखकाच्या वहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदीच नव्हत्या. कामात बुडाले होते, माझं काम मी नीट केलं नाही, अशी कबुली त्यांनी ट्विटरवर स्वतःहून दिली.

माझ्याही एका पेपरात एकक चुकलं होतं, पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) जागी पीपीबी (अब्जात एक भाग). छापून आल्यावर आठ महिन्यांनी माझ्याच विद्यार्थ्यानं वही आणि पेपर शेजारी ठेवून दाखवलं. संपादकांना चार ओळींचं पत्र लिहिलं: पान, तक्ता, चुकलेलं एकक, बरोबर एकक. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स. पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं, आणि चूक शोधणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे आभार मी त्यातच मानले.